दोन हिवाळे, तीन उन्हाळे

हिमाचल प्रदेश शासनाच्या बदलीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत एक शब्दप्रयोग आहे. आपल्या प्रशासकीय भाषेतील अत्यंत प्रामाणिक शब्दप्रयोगांत मी त्याची गणना करतो. राज्यात अन्यत्र एका जागी राहण्याचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे धरला जातो. आदिवासी व दुर्गम भागांसाठी मात्र तो 'दोन हिवाळे आणि तीन उन्हाळे' असा सांगितला आहे. ज्या कोणी हे वाक्य प्रथम टिपणीवर लिहिले असेल, त्याला बर्फाचा अनुभव होता हे निश्चित. तेथे माणूस किती महिने नोकरीत होता याला फारसा अर्थ नसतो. त्याने किती हिवाळे काढले याला असतो, हे त्याला ठाऊक होते.

दुर्दैवाने हे शहाणपण कालावधी मोजण्यापुरतेच थांबले आहे. भरती, रुजू होण्याची तारीख, निवासाची सोय, रजा, प्रतिनियुक्ती, बदली या बाकीच्या साऱ्या गोष्टी जणू त्या गावांत हिवाळा येतच नाही अशा पद्धतीने चालतात. याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो प्राथमिक शाळेला. तलाठ्याचे काम चार महिने तुंबले तर पाचव्या महिन्यात उरकता येते. पहिलीतल्या मुलाचे तसे नसते. अक्षरओळखीचे ते वर्ष गेले की मागाहून भरून काढणे फार कठीण जाते.

म्हणून या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. बर्फबंद गावाच्या शाळेला शिक्षक मिळाला की नाही, हे नियुक्तीच्या आदेशावरून ठरत नाही. ते नव्या शिक्षकाचा पहिला हिवाळा संपल्यावर ठरते. तो हिवाळा नीट पार पडावा ही शासनाची जबाबदारी असायला हवी. आज ती जबाबदारी गावकरी उचलतात, आणि हजेरीपट मात्र शासनाच्या नावावर जमा होतो.

ज्या वाचकांचे त्या बाजूला जाणे झालेले नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. लाहौल-स्पीती हा हिमाचलचा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. गोव्याच्या साडेतीन पटींहून मोठा. पण २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती अवघी ३१,५६४. म्हणजे एका चौरस किलोमीटरला दोन-सव्वादोन माणसे. त्यातील लाहौलचा भाग रोहतांगच्या घाटामुळे दरवर्षी कित्येक महिने तुटून राहत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि त्या खोऱ्याचे जीवन पालटले. परंतु स्पीतीला बोगद्याचा लाभ हिवाळ्यात होत नाही, कारण लाहौल आणि स्पीती यांच्यामध्ये साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुमची खिंड आहे आणि ती बर्फाने बंदच असते. हिवाळ्यात स्पीतीला जायचे तर सिमल्याहून किन्नौरमार्गे, सतलजच्या काठाने चारशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता धरावा लागतो. कागदोपत्री तो बारमाही आहे. प्रत्यक्षात एखादी दरड किंवा हिमकडा कोसळला की दिवसेंदिवस बंद. मुख्य रस्त्यापासून वर डोंगरात असलेल्या गावांचे तर बोलायलाच नको. चंबा जिल्ह्यातील पांगी, लडाखमधील झांस्कर येथेही थोड्याफार फरकाने हीच स्थिती.

येथे आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. उत्तराखंडात नीती, माणा यांसारख्या उंचावरच्या गावांतील लोक हिवाळ्यात खाली उतरतात. त्यांची दोन गावे असतात, एक उन्हाळ्याचे आणि एक हिवाळ्याचे. स्पीतीतील गावे अशी उतरत नाहीत. काही कुटुंबे हल्ली कुलू, मंडीकडे जातात हे खरे, पण गाव म्हणून ते वरच राहते. गाव राहते म्हणून मुले राहतात, आणि मुले राहतात म्हणून शिक्षकानेही राहावे अशी अपेक्षा असते.

आता त्या शिक्षकाकडे वळू. तो बहुधा खालच्या हिमाचलातला असतो. कांगडा, हमीरपूर, बिलासपूर, मंडी अशा जिल्ह्यांतला. पंचविशी-तिशीचे वय, पहिलीच कायम नोकरी. बाहेरच्या माणसाला तोही पहाडी आणि स्पीतीचाही पहाडी. पण हमीरपूरच्या माणसाला स्पीती जितकी परकी, तितके आपल्याला नागपूरहून गेल्यावर हमीरपूरही वाटणार नाही. त्याच्या गावात आंबा पिकतो. येथे झाड म्हणजे नदीकाठी हाताने लावलेली विलो आणि पॉपलर.

या नव्या माणसाला जी गोष्ट कोणी सांगत नाही ती अशी की, बर्फाच्या प्रदेशात हिवाळा हिवाळ्यात काढायचा नसतो. तो उन्हाळ्यात तयार करायचा असतो. जुलै-ऑगस्टपासून गावातील प्रत्येक घर त्याच कामाला लागलेले असते. शेण थापून वाळवायचे, विलोच्या फांद्या छाटून गच्चीवर रचायच्या, जनावरांचा चारा वर चढवायचा, पालेभाजी सावलीत वाळवायची, जवाचे सत्तू करून ठेवायचे, मटार विकून आलेल्या पैशातून तांदूळ, तेल, चहा, मीठ भरून ठेवायचे. ऑक्टोबरच्या अखेरीस घराच्या गच्चीकडे पाहिले की त्या घराचा हिवाळा कसा जाणार हे गावातील कोणीही सांगू शकतो.

नव्या शिक्षकाचा आदेश कधी निघतो? भरतीचे वेळापत्रक, न्यायालयातील स्थगिती, समुपदेशन, कागदपत्रांची पडताळणी हे सारे उरकून तो बहुधा शरद ऋतूत निघतो. शिक्षक हाती बॅग घेऊन ऑक्टोबरात गावात पोहोचतो तेव्हा गावाचा हिवाळा तयार झालेला असतो आणि त्याचा सुरूही झालेला नसतो. त्याच्याजवळ पगार असतो, दुर्गम भागाचा भत्ताही असतो. पण जानेवारीत त्या गावात पैशाने विकत मिळेल असे काहीच नसते. ज्याच्या गच्चीवर सरपण आहे तो ते विकणार नाही, कारण मार्चपर्यंत ते त्यालाच पुरवायचे आहे. भत्त्याने अडचण भरून निघते असे मानणाऱ्या आपल्या वित्त विभागांच्या ध्यानात ही साधी गोष्ट येत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात अशा एका खोऱ्यात एका तरुण शिक्षकाशी माझा परिचय झाला. खोऱ्याचे, गावाचे आणि संबंधित कार्यालयांचे नाव मी देत नाही. त्याची आवश्यकताही नाही. २००७ च्या ऑक्टोबरअखेर तो रुजू झाला होता आणि मार्च २००८ मध्ये रस्ता मोकळा होताच मी दौऱ्यावर गेलो तेव्हा तो शाळेतच होता. ही गोष्ट त्या भागात इतकी नवलाची होती की बरोबरच्या कर्मचाऱ्यांनी ती मला दोनदा सांगितली. त्या दिवशी संध्याकाळी त्याने आपल्या हिवाळ्याची हकीकत सांगितली. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. त्यातील चार गोष्टी येथे नोंदवतो, कारण त्या त्याच्या एकट्याच्या नाहीत.

पहिली गोष्ट खोलीची. शाळेला जोडून शिक्षकासाठी खोली होती. पक्की, सिमेंटची, पत्र्याच्या छपराची. खालच्या भागातला नकाशा जसाच्या तसा वर नेऊन बांधलेली. तंदूर, म्हणजे खोली ऊबदार ठेवण्याची धुराड्याची लोखंडी शेगडी, बसवायला भिंतीत जागाच ठेवलेली नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आतल्या बादलीतील पाणी गोठले, तेव्हा त्याने कोळशाची उघडी शेगडी पेटवून, दार-खिडकी घट्ट लावून झोपण्याचा विचार केला. शेजारच्या घरातील वृद्ध गृहस्थाने, ज्यांना सगळे गाव मेमे म्हणजे आजोबा म्हणत असे, खिडकीतून तो कोळसा पाहिला आणि शेगडी उचलून थेट बर्फात नेऊन ओतली. बंद खोलीतील कोळशाच्या धुराने माणूस झोपेतच जातो हे त्या प्रदेशात लहान मुलालाही ठाऊक असते. पदवी, प्रशिक्षण, निवड परीक्षा, वैद्यकीय तपासणी अशा सर्व पायऱ्या शासनाने त्या तरुणाकडून पार करून घेतल्या होत्या. ही एक गोष्ट त्याला कोणत्याही पायरीवर सांगितली गेली नव्हती. त्या रात्रीनंतर मेमेंनी त्याला आपल्या घरातील आतल्या खोलीत हलवले. मातीच्या जाड भिंती, खालच्या मजल्यावर गुरांची ऊब, मध्यभागी तंदूर. भाडे घ्यायला ते तयार झाले नाहीत. मोबदला म्हणून त्याने गच्चीवरचा बर्फ ओढायचा असे ठरले, आणि तो कसा ओढायचा हेही त्यांनीच शिकवले.

दुसरी गोष्ट सोबतीची. त्या शाळेवर दोन शिक्षक मंजूर होते. दुसऱ्याची प्रतिनियुक्ती नोव्हेंबरात एका आदेशाने खाली, रस्त्यालगतच्या एका ठिकाणी झाली. पगार वरच्या शाळेवर, काम खाली. प्रशासनात वावरलेल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. पटावर दोन शिक्षक, गावात एक. एकाकीपणाविषयी तो तरुण जे बोलला ते माझ्या लक्षात राहिले आहे. तो म्हणाला, थंडीचे काही वाटत नाही, अंगात घालता येते. पण तीन महिन्यांत आपल्या बोलीत एक वाक्यही बोललो नाही, हे अंगावर येते. महाराष्ट्राबाहेर वर्षानुवर्षे राहणाऱ्या माझ्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या भाषेची. त्याच्या शाळेत अकरा मुले होती. पहिली-दुसरीतील मुलांना भोटी येत होती, हिंदी नाही. त्याला हिंदी येत होती, भोटी नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो शिकवत होता आणि मुले गप्प बसत होती. डिसेंबरात शाळेचा वर्ग तापवणे अशक्य झाले तेव्हा गावाने ठरवले की मुले मेमेंच्या घरी तंदुराभोवती बसतील आणि प्रत्येक मूल येताना घरून सरपणाचा एक तुकडा आणील. त्या खोलीत पाणी, आग, बर्फ, गाय, आजी, भूक हे शब्द त्याने मुलांकडून घेतले. जानेवारीत रीतसर सुट्टी लागली तरी मुले येत राहिली, कारण सगळ्या गावात ऊबदार खोल्या मोजक्या आणि लहान मुलांना करायला दुसरे काही नव्हते. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा दुसरीतील एका मुलीने मला पाठ्यपुस्तकातील अर्धे पान वाचून दाखवले आणि अडली तेथे त्याने भोटीत एक शब्द सांगून तिला पुढे नेले. त्या हिवाळ्यात शाळेत खरे शिक्षण झाले ते येथे, आणि त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. प्राथमिक टप्प्यावर शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. ते योग्यच आहे. परंतु बाहेरून आलेल्या शिक्षकाला ती भाषा यायची तर तो तेथे राहिला पाहिजे, आणि हिवाळ्याइतकी भाषा शिकण्याची दुसरी वेळ नाही. जो शिक्षक दर हिवाळ्यात निघून जातो तो तीन उन्हाळ्यांनंतरही मुलांसाठी परकाच राहतो.

चौथी गोष्ट परतीची. हिमाचलातील थंड प्रदेशाच्या शाळांना जानेवारीपासून काही आठवड्यांची सुट्टी असते. सुट्टीत घरी जाणे हा शिक्षकाचा हक्क आहे आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु शाळा उघडण्याचा दिवस परिपत्रकात ठरलेला असतो. रस्ता उघडण्याचा दिवस ठरलेला नसतो. त्या प्रदेशात जोराचा बर्फ पडतो तो बहुधा जानेवारी ते मार्च या काळात. म्हणजे जो घरी गेला तो वेळेवर परतेलच याची शाश्वती नाही, आणि जो परतला नाही त्याला दोष देण्याची सोयही नाही. रस्ता बंद असल्याचे कारण खरेच असते. ते खरे असल्यामुळेच त्याच्या आडून पुष्कळ काही चालते. त्या तरुणाने पहिल्या हिवाळ्यात घरी जाण्याचे टाळले. त्याला विचारले तर म्हणाला, गेलो असतो तर परत आलोच नसतो.

येथे दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की बाहेरचा शिक्षक पाठवताच कशाला? स्थानिक तरुणालाच नेमा. या विचारामागे अनुभव आहे. राजस्थानात १९८७ पासून राबवलेल्या शिक्षाकर्मी प्रकल्पात नेमके हेच केले गेले. जेथे नेमलेला शिक्षक फिरकत नव्हता अशा गावांत तेथीलच कमी शिकलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन शिकवायला उभे केले, आणि त्याचा उपयोग झाला. शक्य तेथे स्थानिक शिक्षकाला प्राधान्य द्यावेच. परंतु स्थानिक माणूसही शिकला, नोकरीत आला की आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी खालची बदली मागतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. शिवाय स्थानिक म्हणून नेमलेला माणूस हळूहळू कमी पगाराचा, कंत्राटी, दुय्यम दर्जाचा शिक्षक होतो आणि त्या मुलांचे शिक्षणही दुय्यम ठरते, हा देशभरचा अनुभव आहे. माझ्या मते दोन शिक्षकांच्या शाळेत एक स्थानिक आणि एक बाहेरचा ही रचना सर्वांत चांगली. मुलांना आपली भाषा बोलणारे कोणी हवे आणि डोंगरापलीकडचे जगही कोणाच्या तरी रूपाने वर्गात यायला हवे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. अकरा मुलांसाठी दोन शिक्षक, इतका खटाटोप कशाला? शाळा बंद करून मुलांना खालच्या वसतिगृहात ठेवावे. अलीकडच्या वर्षांत हिमाचलात शून्य आणि अत्यल्प पटाच्या अनेक शाळा बंद किंवा विलीन झाल्या आहेत, आणि शून्य पटाची शाळा चालू ठेवा असे कोणी म्हणणार नाही. पण पट शून्यावर कसा आला हेही पाहिले पाहिजे. शिक्षक टिकत नाही म्हणून ज्यांना परवडते ते मुलांना घेऊन कुलू-सिमल्याला जातात. उरतात ती न परवडणाऱ्यांची मुले. मग पट कमी म्हणून एक पद कमी होते, एकशिक्षकी शाळेत तो एक आजारी पडला की शाळा बंद, आणि पुन्हा दोन घरे खाली जातात. याच सीमावर्ती गावांतून लोकांनी उठून जाऊ नये म्हणून केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४,८०० कोटी रुपयांचा व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रम मंजूर केला. उत्तर सीमेवरील १९ जिल्ह्यांचा त्यात विचार केला गेला आणि पहिल्या टप्प्यासाठी ६६३ गावे निवडली गेली. गाव नांदते ठेवण्यासाठी रस्ता, वीज, दूरसंचार यांच्यावर खर्च करणे आवश्यकच आहे. परंतु सहा वर्षांचे मूल घरी झोपून शाळेत जाऊ शकत नसेल तर आई-बाप त्याच नव्या रस्त्याने खाली जातील.

शासनाला बर्फाप्रमाणे वागता येत नाही असे मुळीच नाही. याचा पुरावा आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच आहे. देशाच्या बहुतेक भागांत मतदान १९५२ च्या आरंभी झाले. पण किन्नौरच्या भागात बर्फ पडण्यापूर्वी, २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच ते उरकण्यात आले. त्या दिवशी कल्पा येथे सकाळीच मत देऊन निवडणुकीच्या कामावर निघून गेलेले श्याम सरन नेगी पुढे स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. ते पेशाने शाळामास्तर होते. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तत्पूर्वी तीनच दिवस अगोदर त्यांनी घरूनच टपाली मतदान केले होते. मूठभर मतदारांसाठी राष्ट्राचे वेळापत्रक बदलले गेले, कारण त्यांचे मत बुडू नये हे कोणाला तरी महत्त्वाचे वाटले. २०१९ च्या निवडणुकीत स्पीतीतील ताशीगंग येथे, साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर मतदान केंद्र उभे राहिले. एका दिवसासाठी आपण तेथवर जातो. प्रश्न आहे तो शाळेच्या दोनशे दिवसांचा.

महाराष्ट्रातही आपण हे केलेले आहे. मेळघाट, धडगाव, भामरागड येथील गावे पावसाळ्यात तुटतात. १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेत पावसाळ्यापूर्वी धान्य आणि औषधे आगाऊ पोहोचवण्याचा दंडक घालून दिला गेला. त्याच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या असतील, पण तत्त्व बरोबर आहे. तुटणाऱ्या गावाची व्यवस्था ते तुटण्याआधी करायची असते. हिमाचलातही बर्फाच्या भागांत सवलतीच्या दराने सरपण पुरवले जाते, धान्य आधी भरले जाते. पांगीसारख्या ठिकाणी १९८६ पासून एकसूत्री प्रशासन आहे, म्हणजे विविध खात्यांचे अधिकार तेथल्या निवासी अधिकाऱ्याकडे एकवटलेले आहेत. साधने आहेत, ती नव्या शिक्षकाच्या पहिल्या हिवाळ्याशी जोडलेली नाहीत, इतकेच.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही.

१. बर्फबंद गावांतील नेमणुका व बदल्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत पूर्ण कराव्यात. ज्याचा आदेश त्यानंतर निघेल त्याने पुढील वसंतात रुजू व्हावे आणि तोवर त्याला खालच्या शाळेत काम द्यावे. निवडणुकीचे वेळापत्रक बर्फासाठी बदलू शकते तर भरतीचेही बदलू शकते.

२. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात अशा गावांतून कोणाचीही प्रतिनियुक्ती किंवा बदली करू नये. अपवाद केवळ आजारपणाचा. शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक द्यावे लागतात. देशात आजही एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, त्या सर्व एका दिवसात दोनशिक्षकी होणार नाहीत. पण सुरुवात कोठून करावी असे विचाराल तर माझे उत्तर आहे, जेथे हिवाळ्यात दुसरा माणूस पोहोचूच शकत नाही तेथून.

३. रुजू होणाऱ्या शिक्षकाला सरपण आणि धान्य सप्टेंबरातच गावात मिळावे. किंमत पगारातून हप्त्याने वळती करावी. निवासाची खोली स्थानिक पद्धतीची, जाड भिंतीची, दक्षिणेकडे ऊन घेणारी, तंदुराची जागा असलेली असावी. ती नसेल तर गावातील घरात राहण्याची रीतसर व्यवस्था करून घरमालकाला भाडे द्यावे. मेमेंसारख्या माणसांच्या चांगुलपणावर खात्याने फुकट विसंबून राहणे शोभत नाही.

४. प्रत्येक शाळेत एक 'हिवाळ्याची वही' असावी. त्या तरुणाने स्वतःसाठी अशी वही ठेवली होती. रोज किती सरपण लागले, नळ कधी गोठला, पाणी कोणत्या झऱ्याचे आणायचे, गच्ची कधी झाडायची, ताप आला तर कोणाच्या घरी कोणते औषध असते, मुलांच्या भाषेतील दोनशे शब्द. पुढच्या शिक्षकाला कार्यभार सोपवताना साठा नोंदवही, चाव्या आणि शिक्का यांच्याबरोबर ही वहीही दिली जावी.

५. शाळेला भेट देण्याचे अधिकाऱ्यांचे दौरे जून-जुलैतच होतात, जेव्हा फुले फुललेली असतात. निदान एक भेट बर्फ वितळण्याच्या सुमारास व्हावी, आणि बर्फात दूरध्वनीवरून आठवड्याला एकदा विचारपूस व्हावी. हजेरी तपासण्यासाठी नव्हे. आपण येथे आहोत हे कोणाला तरी ठाऊक आहे एवढे कळण्यासाठी.

६. सुट्टीतही जो गावात राहून मुलांना बसवतो त्याला ते दिवस अर्जित रजेच्या रूपाने परत मिळावेत. असे केल्याने कोणी श्रीमंत होणार नाही, पण केलेले काम कागदावर येईल.

तो तरुण आपली ठरलेली मुदत पूर्ण होईपर्यंत तेथे राहिला आणि हक्काची बदली मिळताच आपल्या जिल्ह्यात गेला. त्याने तेथेच आयुष्य काढायला हवे होते असे मी म्हणणार नाही. दुर्गम भागातील शिक्षणाच्या चर्चेत आपण नेहमी त्यागमूर्ती शोधतो आणि ती सापडली की तिचा सत्कार करून मोकळे होतो. प्रशासन त्यागावर चालवायचे नसते. साधा, मध्यम कुवतीचा, घरची ओढ असलेला माणूस तेथे जाऊन आपली ठरलेली मुदत नीट पार पाडू शकेल, अशी व्यवस्था उभी करणे हेच प्रशासनाचे काम आहे. त्याच्यानंतर आलेल्या शिक्षिकेला ती वही मिळाली होती, असे मला पुढे एका कर्मचाऱ्याकडून कळले. पहिला हिवाळा तिनेही काढला. ही वही सरकारी नव्हती, तिला क्रमांक नव्हता, आणि ती पुढे देण्याची सक्ती कोणी केली नव्हती. ती सक्ती कोणीतरी करावी, एवढ्यासाठी हा लेख.